पाचगणीचा हॉस्टेलर : फ्रेडी मर्क्युरी

गॅदरिंगच्या रात्री मध्येच लाईट गेली की मागच्या रांगेतली मंडळी काय सुरू करतात, ते तुम्हाला सांगायला नको. दोनदा पाय आपटायचे आणि एकदा टाळी. धप्-धप्-टाळी! आधी चारपाच जण, मग एक रांग आणि मिनिटभरात सगळा हॉल. इंग्रजी गाणं म्हटलं की ज्याचं डोकं दुखतं, तोसुद्धा त्यात असतो. क्रिकेटच्या मॅचला हेच, इंटर-कॉलेज कबड्डीलाही हेच. हा ठेका मूळचा कुणाचा, असं मी आमच्या विंगमध्ये विचारलं तेव्हा फक्त दोघींना सांगता आलं.

तर मित्रमैत्रिणींनो, ठेका 'क्वीन' नावाच्या इंग्लिश बँडचा आहे. साल १९७७. लंडनमध्ये चर्चच्या एका जुन्या हॉलात स्टुडिओ होता, तिथे लाकडी फळ्यांवर पाय आपटून तो रेकॉर्ड केला. माणसं मोजकीच होती, पण ऐकताना हजारोंचा जमाव वाटतो. त्याचं कारण आपल्याच अभ्यासक्रमातलं आहे. बँडचा गिटारिस्ट ब्रायन मे हा फिजिक्सचा विद्यार्थी. त्याने त्याच आवाजाच्या अनेक प्रती थोड्याथोड्या उशिराने एकावर एक चढवल्या आणि हे उशीर प्राइम नंबरच्या प्रमाणात ठेवले. त्यामुळे एको असा ऐकू येतच नाही, ऐकू येते ती नुसती गर्दी. हे उदाहरण देऊन कुणी सिग्नल्सचा पेपर शिकवला असता तर... असो.

त्या ठेक्यावर जो आवाज चढतो तो फ्रेडी मर्क्युरीचा. आणि हा माणूस लहानपणी आठ वर्षं आपल्या महाराष्ट्रात, सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीला, हॉस्टेलवर राहिलेला आहे! मी स्वतः कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, घरी इंग्रजी गाणी लागायची, तरी मला हे ठाऊक नव्हतं. ते कळलं ते पार समुद्रापलीकडे, झांझिबारला.

झालं असं की माझा मामा सिमेंटवाला. आपल्या चांद्याकडे घरटी एक माणूस कोळशात नाहीतर सिमेंटमध्ये असतोच. मामाने इथे पंधरा वर्षं मेंटेनन्स केला आणि मग तीच कामं करायला टांझानियाला गेला. फोर्थ सेमचे पेपर संपले तसे आई आणि मी त्याच्याकडे दार-ए-सलामला गेलो. तिथून बोटीने दोनेक तासांत झांझिबार. चंद्रपूरच्या मे महिन्यातून निघालेल्या माणसाला तो समुद्राचा वारा म्हणजे काय वाटतो, हे लिहून कळणार नाही. बेटावरचं जुनं शहर म्हणजे स्टोन टाऊन. २००० सालापासून ते जागतिक वारसास्थळ आहे. अरुंद गल्ल्या, कोरीव काम केलेले जाडजूड लाकडी दरवाजे, लवंगेचा वास. मध्येच गुजराती नावाची एखादी जुनी पाटीही दिसते. आईला मसाले घ्यायचे होते, मामाला बसायला जागा हवी होती, आणि केन्याटा रोडवर मला पाटी दिसली : फ्रेडी मर्क्युरी म्युझियम.

म्युझियम म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर नागपूरचा अजबबंगला आला. हे तर अगदी छोटं निघालं. बुलसारा कुटुंब याच घरात राहत होतं असं सांगतात. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच्या तळमजल्यावर हे म्युझियम उघडलं. भिंतींवर फोटो आणि फोटोंखाली मजकूर. आईच्या कडेवरचा गुटगुटीत मुलगा, पारशी टोपीतली माणसं, मग शाळा, मग लांब केसांचा तरुण, मग मिशा आणि पिवळं जॅकेट. मामाने तिकिटांचे पैसे मनातल्या मनात रुपयांत मोजले आणि वीस मिनिटांत तो बाहेर आला. मी मात्र पाचगणी हा शब्द वाचून तिथेच अडकले. पुढे महिनाभर त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत, ऐकत, बघत राहिले. त्यातून जुळलेली ही गोष्ट आहे.

त्याचं खरं नाव फारोख बुलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. तेव्हा तिथे सुलतान होता आणि सुलतानावर इंग्रज. बुलसारा म्हणजे बुलसारचे, म्हणजे आजच्या वलसाडचे. वडील बोमी हे तिथल्या हायकोर्टात सरकारी कॅशिअर होते, आईचं नाव जेर. धाकटी बहीण एक. घरात नोकरचाकर होते, समुद्र जवळ होता, चैन होती. पण मुलाने इंग्रजी पद्धतीचं चांगलं शिक्षण घ्यावं ही वडिलांची इच्छा. म्हणून १९५५ साली त्याला जहाजाने मुंबईला आणि तिथून घाट चढवून पाचगणीला पाठवलं. सेंट पीटर्स ही १९०२ साली सुरू झालेली तिथली जुनी बोर्डिंग स्कूल. फारोखचं वय होतं आठ!

आठ वर्षं हे वय नीट लक्षात घ्या. आपण अठराव्या वर्षी हॉस्टेलला आलो, सोबत मोबाईल आणि डब्यात आईचे लाडू, तरी पहिल्या आठवड्यात उशी ओली व्हायची. शनिवारी संध्याकाळी एसटी पकडली की ब्रह्मपुरी काय नि गडचिरोली काय, रात्री घरी. त्याचं घर मध्ये अख्खा अरबी समुद्र टाकून होतं. दर सुट्टीत जाणं शक्यच नव्हतं, मग सुट्टी मुंबईतल्या नातेवाईकांकडे जायची. घरच्यांशी संबंध म्हणजे पत्रं.

हॉस्टेलने त्याला दोन गोष्टी लगेच दिल्या. एक नवीन नाव आणि एक टोपणनाव. फारोखचा फ्रेडी झाला, तो मित्रांचा आणि शिक्षकांचाही. टोपणनाव होतं बकी, कारण दात पुढे होते. तोंडात मागच्या बाजूला चार दात जास्तीचे होते आणि त्यांनी पुढचे दात बाहेर ढकलले होते. हे त्याला आयुष्यभर सलत राहिलं. हसताना वरचा ओठ ओढून दात झाकायची सवय त्याला लागली ती लागलीच, मोठेपणीच्या फोटोंतही ती दिसते. पुढे पैसे आले, जगातला कुठलाही डॉक्टर परवडला असता. तरी दात काढले तर आवाज बदलेल या भीतीने त्याने ते तसेच ठेवले. चिडवाचिडवीचा विषय आणि पोटापाण्याचं हत्यार, दोन्ही एकाच तोंडात! आपल्याकडे फर्स्ट इयरला आल्याआल्या ज्यांची बारशी होतात आणि जी नावं फेअरवेलपर्यंत चिकटतात, त्यांनी आणि ती ठेवणाऱ्यांनी हा भाग परत एकदा वाचावा.

पण रडत बसणाऱ्यांतला तो नव्हता. टेबल टेनिसमध्ये शाळेचा चॅम्पियन झाला. बॉक्सिंग केलं, ते आईला आवडेना. नाटकांत कामं केली. १९५८ साली ज्युनिअर ऑलराऊंडर म्हणून ट्रॉफी मिळाली. आणि पियानो. मुलाच्या बोटांत काहीतरी आहे हे हेडमास्तरांनी ओळखलं आणि घरी पत्र लिहून कळवलं, की थोडी जास्तीची फी भरलीत तर याला पियानो शिकवता येईल. आईवडिलांनी भरली. पियानोची चौथी ग्रेड तो पास झाला, थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही! रेडिओवर एकदा गाणं ऐकलं की ते तसंच्या तसं पियानोवर वाजवून दाखवायचा, अशी त्याच्याबरोबरच्या मुलांची आठवण आहे. मला वाटतं, साऱ्या गोष्टीतलं सगळ्यात मोठं माणूस ते पत्र लिहिणारे हेडमास्तर आहेत. ते पत्र लिहायचं राहून गेलं असतं तर?

मग पाच मुलांनी मिळून बँड काढला, 'द हेक्टिक्स'. शाळेच्या कार्यक्रमांत ते एल्व्हिस प्रेस्ली, क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी वाजवायचे. शेजारच्या शाळेतल्या मुली ओरडायच्या म्हणतात. आता गंमत बघा, त्या बँडचा मुख्य गायक फ्रेडी नव्हताच. गायचा दुसरा मुलगा, हा मागे पियानोवर. ज्याला जग विसाव्या शतकातला सर्वांत मोठा रॉक गायक म्हणतं, तो पाचगणीत कोरसमध्ये होता.

१९६३ साली तो झांझिबारला परतला. घरच्यांबरोबर वर्षभर राहतो न राहतो तोच १२ जानेवारी १९६४ ला तिथे क्रांती झाली. सुलतान पळाला. हजारो अरब आणि भारतीय वंशाचे लोक मारले गेले. बुलसारा कुटुंब दोनचार बॅगांनिशी इंग्लंडला निघून गेलं. लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळ फेल्टहॅम नावाचं साधं उपनगर आहे, तिथल्या लहानशा घरात संसार परत पहिल्यापासून. फ्रेडी सतरा वर्षांचा होता. नोकरचाकर गेले, समुद्र गेला, उरली थंडी.

आधी आयलवर्थला पॉलिटेक्निक, मग ईलिंग आर्ट कॉलेज. १९६९ मध्ये ग्राफिक डिझाईनचा डिप्लोमा मिळाला. मधल्या काळात त्याने विमानतळावर सामान उचललं आणि केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुन्या कपड्यांचा स्टॉल लावला. स्टॉलवर पार्टनर होता रॉजर टेलर, हा ड्रम वाजवायचा. रॉजर आणि ब्रायन मे यांचा 'स्माईल' नावाचा बँड होता. फ्रेडी त्यांच्या मागेमागे फिरायचा आणि न विचारता सल्ले द्यायचा. १९७० मध्ये त्यांचा गायक सोडून गेला आणि सल्ले देणाऱ्याचाच नंबर लागला. त्याने पहिली दोन कामं केली ती नावांची. बँडचं 'स्माईल' पुसून 'क्वीन' केलं आणि स्वतःचं बुलसारा पुसून मर्क्युरी. बँडचं बोधचिन्हही त्यानेच काढलं. त्यात चौघांच्या राशी आहेत, दोन सिंह, एक खेकडा, दोन पऱ्या, आणि वर पंख पसरलेला फिनिक्स. डिप्लोमा वाया गेला नाही!

आता जरा आपल्या ब्रँचच्या गोष्टी सांगते, नाहीतर हा लेख इंजिनिअरिंग कॉलेजच्या अंकात कशाला असं कुणी म्हणेल. १९७१ मध्ये चौथा गडी आला, जॉन डीकन. हा इलेक्ट्रॉनिक्सचा, फर्स्ट क्लास ऑनर्स. रस्त्यावरच्या कचऱ्याच्या पेटीत याला एक सर्किट बोर्ड सापडला. तो घरी आणून, जुन्या स्पीकरच्या खोक्यात बसवून, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर त्याने अॅम्प्लिफायर केला. त्या भंगारातल्या अॅम्पचा आवाज क्वीनच्या रेकॉर्डमध्ये चक्क व्हायोलिन आणि ट्रम्पेटसारखा वाजतो. ब्रायन मेची गिटारही घरीच केलेली. वडील इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर होते, बापलेकांनी १९६३ पासून दोन वर्षं खपून ती बनवली. मानेसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड, ट्रेमोलोला मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. जगभर वाजली ती हीच गिटार. याच ब्रायनने १९७४ मध्ये बँडपायी पीएचडी अर्धवट सोडली आणि २००७ मध्ये, साठीला टेकल्यावर, पूर्ण केली. तेव्हा सबमिशनला दोन दिवस उशीर झाला म्हणून खचून जाऊ नये. (रॉजर टेलर मुळात दातांचा डॉक्टर व्हायला आला होता. फ्रेडीच्या शेजारी दंतवैद्य! पण त्याने ते मध्येच सोडलं.)

१९७५ मध्ये फ्रेडीने एक गाणं आणलं, 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. पावणेसहा मिनिटांच्यावर. सुरुवात शांत, मध्ये ऑपेरा, मग रॉक, परत शांत. रेडिओवाले तीन मिनिटांच्या वर गाणं लावत नसत, कंपनी नको म्हणत होती. ऑपेराच्या भागात फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर या तिघांचेच आवाज आहेत, पण ते एकावर एक शेकड्याने चढवलेत. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. चोवीस ट्रॅकची टेप. एका टेपवरून दुसरीवर उतरवायचं, परत गायचं, परत उतरवायचं. घासूनघासून टेपवरचा थर इतका उडाला, की ती उजेडासमोर धरली तर आरपार दिसायचं. इंग्लंडमध्ये ते गाणं नऊ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. त्यात मध्येच एक अरबी शब्द येतो, आपल्या ओळखीचा, देवाचं नाव घेऊन सुरुवात करण्याचा. लंडनच्या समीक्षकांनी त्याच्यावर खूप डोकं चालवलं आहे. स्टोन टाऊनच्या त्या गल्लीत उभी असताना अजान झाली तेव्हा मला वाटलं, यात एवढं डोकं काय चालवायचं?

आवाजाबद्दलही थोडं. २०१६ मध्ये युरोपातल्या काही संशोधकांनी त्याच्या रेकॉर्डिंगचं विश्लेषण केलं. बोलताना त्याची फ्रिक्वेन्सी सुमारे ११७ हर्ट्झ होती, म्हणजे बोलण्यात तो खालच्या पट्टीतला, बॅरिटोन. गायचा मात्र टेनर होऊन. स्वर लांबवला की त्यात जो कंप येतो तो इतर गायकांचा सेकंदाला साधारण साडेपाच ते सात वेळा, याचा सातच्या थोडा वर, आणि तोही अनियमित. त्याची ती खरखर कुठून येते हे बघायला त्यांनी दुसऱ्या एका गायकाला त्याच्यासारखं गायला लावलं आणि घशात कॅमेरा घातला, सेकंदाला चार हजारांवर फ्रेम घेणारा. बोलताना जे स्वरपडदे हलतच नाहीत, तेही अशा गाण्यात हलतात असं दिसलं. पाचगणीच्या कोरसमध्ये ही चीज कुणाला ऐकू आली नाही, कारण ती बहुधा तोवर तयारच व्हायची होती.

स्टेजवरचा फ्रेडी तुम्ही यूट्यूबवर बघा, लिहून काही होणार नाही. १३ जुलै १९८५, वेम्ब्ली, लाईव्ह एड. इथिओपियातल्या दुष्काळासाठीची मैफल. संध्याकाळचं ऊन, ना लाईट्स ना धूर, वाट्याला जेमतेम वीसेक मिनिटं. समोर बहात्तर हजार माणसं, त्यातली बरीच दुसऱ्यांसाठी आलेली. तो अर्धा तुटका माईकस्टँड घेऊन येतो (फार पूर्वी एकदा कार्यक्रमात स्टँड मध्येच निखळला, तेव्हापासून त्याने तो तसाच ठेवला), पियानोवर बसतो, आणि मग नुसत्या स्वरांनी सवालजबाब सुरू करतो. तो एक तान टाकतो, बहात्तर हजार ती परत करतात. आपल्या झाडीपट्टीच्या नाटकात पहाटे तीनला पेंगणाऱ्या पब्लिकला एखादा कसलेला नट उठून बसवतो ना, तोच प्रकार, फक्त स्टेडियमच्या मापाचा. आणखी एक आवडता प्रसंग. १९८६ मध्ये बुडापेस्टला त्याने हंगेरियन लोकगीत गायलं. भाषा येत नव्हती, म्हणून शब्द तळहातावर लिहून आणले होते! कॉपी म्हणा हवी तर. पण लोक रडले. त्याच वर्षी ९ ऑगस्टला नेबवर्थला लाखाहून जास्त माणसांसमोर तो गायला, आणि क्वीनबरोबरचा तो त्याचा शेवटचा कार्यक्रम ठरला.

हा एवढा स्टेज खाणारा माणूस खाली उतरला की लाजाळू होता. मुलाखती टाळायचा. आणि पाचगणी, मुंबई, झांझिबार यांबद्दल तर जवळजवळ बोललाच नाही. जगातल्या लाखो चाहत्यांना तो भारतीय आहे हे त्याच्या मरणानंतर कळलं. काहींना याचा राग येतो, आपल्यालाच नाकारलं म्हणून. मला तसा येत नाही. १९६४ नंतरच्या त्या इंग्लंडात आशियाई माणसांना घर भाड्याने मिळायचं नाही, रस्त्यात शिव्या मिळायच्या, पुढारी त्यांना परत पाठवायच्या गोष्टी करायचे. त्यात आर्ट कॉलेजमधल्या एका सावळ्या, दात पुढे असलेल्या मुलाने आपलं गाव सांगत फिरावं ही अपेक्षा आज खुर्चीत बसून करणं सोपं आहे.

आपण तरी काय करतो? पुण्यामुंबईच्या टेकफेस्टला गेलो आणि कुणी गाव विचारलं, की आपलं उत्तर नागपूरजवळ. चंद्रपूर म्हटलं तर समोरचा वाघ विचारतो, गडचिरोली म्हटलं तर बंदूक. माझी फर्स्ट इयरची रूममेट गडचिरोलीकडची. घरी गोंडी बोलायची. घरून फोन आला की ती खोलीत कधीच बोलायची नाही, उठून गच्चीच्या जिन्यात जायची, थंडीतसुद्धा. तिच्या बोलण्याची नक्कल आधी कुणीतरी केली होती, आमच्या कॉलेजला येण्याच्याही आधी. वर्षभराने ती पलंगावर बसून बोलायला लागली. तिला फ्रेडीची गोष्ट सांगितली तर ती म्हणाली काहीच नाही, फक्त त्याचं खरं नाव दोनदा विचारून घेतलं.

दुसरीही एक गोष्ट तो सांगत नसे. तरुणपणी मेरी ऑस्टिन ही त्याची मैत्रीण होती, लग्नही ठरलं होतं. पण त्याचं प्रेम पुरुषांवर होतं. मेरीशी नातं मैत्रीचं राहिलं, आणि शेवटपर्यंत राहिलं. शेवटची काही वर्षं जिम हटन हा त्याचा जोडीदार होता. १९८७ मध्ये त्याला एड्सचं निदान झालं. हे थोड्या जवळच्या माणसांनाच माहीत होतं. पेपरवाले दारापाशी कॅमेरे घेऊन बसायचे आणि हा वाळत चाललेला माणूस आत जितकं गाता येईल तितकं गात राहिला. १९८७ मध्येच स्पॅनिश ऑपेरा गायिका मोन्सेरात काबालेबरोबर 'बार्सिलोना' केलं, ते १९९२ च्या ऑलिंपिकला वाजलं. त्याने ऐकलं नाही. मे १९९१ मध्ये स्वित्झर्लंडच्या स्टुडिओत एका गाण्याचं शेवटचं कडवं त्याला झेपेना. नंतर करू म्हणून तो थांबला. ते कडवं पुढे ब्रायन मेने गायलं.

२३ नोव्हेंबर १९९१ ला त्याने आजार जाहीर केला. २४ तारखेला गेला. वय पंचेचाळीस.

या रोगाला खरोखर आवरणारी एकत्र औषधं १९९६ च्या सुमारास आली. पाच वर्षांचा फरक! भारतात २००४ पासून ती सरकारी दवाखान्यांत मोफत मिळायला लागली, आणि वेळेवर सुरू केली तर माणूस नोकरी, संसार, म्हातारपण सगळं बघतो. तरीही रेड रिबन क्लबच्या कार्यक्रमात प्रश्न विचारा म्हटलं की हॉल कसा गप्प होतो, ते आपण दरवर्षी पाहतो. एरवी तोच हॉल धप्-धप्-टाळीने छत पाडतो.

बोहेमियन ऱ्हॅप्सडी डिसेंबर १९९१ मध्ये परत निघालं आणि परत पहिलं आलं, पैसे एड्सच्या कामाला गेले. २० एप्रिल १९९२ ला वेम्ब्लीवर त्याच्या आठवणीत मोठी मैफल झाली आणि तिच्यातून मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट उभा राहिला, तोही याच कामासाठी. स्वित्झर्लंडमध्ये माँत्रोच्या तळ्याकाठी १९९६ मध्ये पुतळा बसला. जन्मगावाला मात्र वेळ लागला. २००६ मध्ये त्याच्या साठाव्या वाढदिवसाची पार्टी झांझिबारच्या किनाऱ्यावर ठरली होती. तिथल्या एका धार्मिक संघटनेने विरोध केला आणि ती रद्द झाली. कारण गाणं नव्हतं, त्याचं प्रेम होतं. तेरा वर्षांनी त्याच गावात त्याच्या नावाचं तिकीट निघालं. फार हसायला नको, आपल्याकडे ३७७ कलमाचा निकाल २०१८ चा आहे.

लंडनचं त्याचं घर त्याने मेरी ऑस्टिनला दिलं होतं. तीस वर्षं तिने ते होतं तसं ठेवलं आणि २०२३ मध्ये आतल्या वस्तू लिलावाला काढल्या. त्याआधी महिनाभर लंडनमध्ये त्यांचं मोफत प्रदर्शन होतं, सुमारे एक लाख चाळीस हजार माणसं बघून गेली. मुकुट, झगा, जपानी किमोनो, मांजरांची चित्रं, ज्याच्यावर गाणी झाली तो यामाहा पियानो. सगळं मिळून चार कोटी पौंडांच्या आसपास विकलं गेलं आणि घरोघर पांगलं. ते प्रदर्शन आता परत कुठेच लागणार नाही. त्या मानाने आमचं झांझिबारचं फोटोंचं म्युझियम गरीब आहे, पण जागेवर आहे.

अंत्यविधी पारशी पद्धतीने झाला, दस्तूर आले, अवेस्तातल्या प्रार्थना झाल्या. लंडनला केन्सल ग्रीनमध्ये दहन झालं. रक्षा कुठे ठेवायची ते त्याने मेरीला सांगून ठेवलं होतं आणि तिने ते कुणालाही सांगितलेलं नाही. २०१३ मध्ये त्याच केन्सल ग्रीनच्या दफनभूमीत एका चौथऱ्यावर लहानशी पाटी लागलेली लोकांना दिसली. त्यावर जन्ममृत्यूच्या तारखा त्याच्याच होत्या, पण मर्क्युरी हे नाव नव्हतं, फ्रेडीही नव्हतं. लिहिलं होतं फारोख बुलसारा. चाहते फुलं घेऊन यायला लागले. थोड्याच दिवसांत कुणीतरी ती पाटी काढून नेली.